पाय काढायचा न्हाई

"हात लावून बघा, अक्का," असं म्हणून बसगोंडा मिस्त्रीनं तेलानं निथळता कॅमशाफ्ट सरळ माझ्या मांडीवर ठेवला. बाईमाणसाची साडी खराब होईल असलं काही त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि त्या वेळी माझ्याही आलं नाही.

गडहिंग्लजला त्याचं पत्र्याचं शेड होतं. मी तेलाच्या उपड्या डब्यावर बसले होते, थोरले दीर आण्णा दारात उभे होते आणि आमची जीप बॉनेट काढून मधोमध ठेवली होती. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा हातभर लांबीचा दांडा. त्याच्यावर ओळीनं उंचवटे असतात, आणि एकेका उंचवट्यावर एकेक टॅपेट टेकलेलं असतं. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर उचलतो, त्याच्या जोरावर वरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन श्वास घेतं. सगळा खेळ त्या उंचवट्यांचा. मी बोट फिरवत गेले. एक टोकदार लागला, दुसरा टोकदार लागला, तिसरा पार बसका. पुढं आणखी एक तसाच. न्हाणीत वापरून वापरून साबणाची वडी होते ना, तसा.

मिस्त्रीनं एक टॅपेट उचलून माझ्यापुढं धरलं. त्याचं बूड सपाट पाहिजे, त्याला खड्डा पडला होता. मग त्यानं इंजिनातनं काढलेल्या काळ्या तेलात लोहचुंबक बुडवून वर काढला, तर त्याला लोखंडाची लव चिकटून आली.

"खाल्लं," मिस्त्री म्हणाला. "नवा कॅम, नवी टॅपेटं, आनि दसऱ्यापास्नं शिमग्यापत्तोर खाऊन बसलं."

"मी दुसरं काय म्हणतोय?" दारातनं आण्णा म्हणाले. "बाईच्या हातात गाडी दिली की दुसरं काय व्हायचं."

मी पदर पुढं ओढला आणि गप्प बसले. तसं माझं तोंड मुलखाचं फटकळ. आजऱ्याच्या स्टँडवर कुणी वाकडं बोललं तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करून घरी येणारी मी. पण थोरल्या दिरापुढं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. लग्न होऊन पोरं मोठी झाली तरी मी आण्णांशी एक शब्द सरळ बोलले नव्हते. काही सांगायचंच असलं तर जावेकडं बघून सांगायचं, ती नसली तर भिंतीकडं बघून. भिंतीनं आमच्या घरात फार ऐकून घेतलंय.

ही गाडी माझ्या हातात कशी आली ते आधी सांगते. माझे मालक, विश्वास रेडेकर, निपाणीला तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. अर्धं आयुष्य तिकडं काढून ते गावी आले आणि दोघा भावांनी मिळून एक जुनी डिझेल जीप घेतली. आजरा ते वरच्या वाड्या असं वडाप सुरू केलं. वडाप म्हणजे शिटं भरली की सोडायची गाडी, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक असतं. गाडी घेतली तेव्हाच तिचा मीटर एकदा संपूर्ण फिरून शून्यावर आलेला होता. आमच्याकडं तो आणखी एकदा शून्यावर आला. मग मालकांना साखर लागली, आणि साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले. आधी दिवेलागणीनंतर दिसेना, मग दिवसाढवळ्या समोरची म्हैस दिसेना.

आण्णा म्हणाले, विकून टाकू. मालक म्हणाले, सुला चालवेल. घरात तीन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, पण मालकांनी मला माळावर नेऊन शिकवलंच. ते शेजारी बसायचे. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण इंजिनाच्या आवाजावरनं सांगायचे, आता गेअर बदल, आता दम दे, आता तिला ओढायला लावू नकोस. मी गाडी अशी कानानं शिकले. मग कोल्हापूरला जाऊन लायसन काढलं, बिल्ला काढला आणि स्टँडवर नंबरला गाडी लावली.

लोकांना मी सांगायची, काय करणार, पोटासाठी करतोय. ते खोटं नव्हतं. पण खरं विचाराल तर मला गाडी चालवायला आवडायचं. जन्माला आल्यापासून मी ज्यानं त्यानं वळवलं तिकडं वळत आले होते. स्टिअरिंग हातात आलं आणि पहिल्यांदा मी वळवीन तिकडं काहीतरी वळायला लागलं. ते सुख मी कुणापुढं बोलून दाखवलं नाही, पण ते कुणी काढून घेणार म्हटलं की माझ्या पोटात आग पडायची.

तर जुना कॅम वयानं झिजला होता, म्हणून मागच्या दसऱ्याला पहिल्यांदा इंजिन खोललं. गावातल्याच एका फिटरनं आमच्या दारात, चिंचेखाली ते काम केलं. त्यालाही कारण होतं. आमच्या घरात खोललेल्या इंजिनाचा पहिला आवाज घराच्या दारातच व्हावा लागतो, देव्हाऱ्यातल्या देवाला ऐकू जाईल असा. सासऱ्यांनी विहिरीवर पाण्याचं इंजिन आणलं तेव्हापासनं ही रीत पडली. त्या दसऱ्याला आण्णांनी स्वतः किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि त्यांनी ते अगदी हळू, जेमतेम चालेल असं ठेवलं. फिटरनं विचारलं, जरा रेस करू का? तर आण्णा म्हणाले, बाळंतिणीला कुणी पळवतं का रे, गुमान राहू दे. मग नारळ झाला, आरती झाली, नैवेद्य झाला, सगळ्या गल्लीला प्रसाद झाला, आणि इंजिन आपलं मांजरासारखं गुरगुरत होतं. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही भरून आलं होतं.

दिवाळी झाली आणि आतनं टिकटिक ऐकू यायला लागली. मी जावेकडं बघून सांगितलं, टॅपेट वाजतंय. आण्णा म्हणाले, जाड तेल घाला. जाड तेल घातलं, आवाज दबला, महिन्यानं दुप्पट होऊन वर आला. पुन्हा जाड तेल. दसऱ्याला केलेलं इंजिन शिमग्याला बोंबललं. भरल्या गाडीनिशी चढावर होते, एकदम एअर क्लीनरमधनं फटाफट आवाज यायला लागले आणि गाडीतला जीवच गेला. शिटांनी उतरून ढकलली. त्या दिवसापासनं स्टँडवर माझं नाव पडलं, इंजिन खाणारी. सकाळी गेलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय वैनी, आज न्याहरीला टॅपेट का पुशरॉड?" मीही उलटं सुनवायची, पण घरी आले की मालकांजवळ बसून चरफडायची. ते म्हणायचे, बोलू देत गं, लोकांचं काय मनावर घेतेस.

आण्णांनी निकाल देऊन टाकला होता. जिनं खाल्लं तिनं भरायचं. मी माझ्या पाटल्या काढून दिल्या. मनात हिशेब असा की माझ्या सोन्यानं इंजिन झालं तर गाडीही माझ्याकडंच राहील. पाटल्या मोडून झाल्यावर आण्णांनी पुढचं सांगितलं. इंजिन झालं की किल्ली त्यांच्या अजितकडं. आणि या खेपेला इंजिन गेलं तर गाडी थेट भंगारात. म्हणजे सोनं माझं, गाडी त्यांच्या पोराची, आणि मी कायमची चुलीपुढं. मालक खाली मान घालून बसून होते.

तो सगळा राग पोटात घेऊन मी त्या डब्यावर बसले होते. आण्णा चहाला म्हणून बाहेर गेले तसा मिस्त्री माझ्याजवळ आला. हा बसगोंडा म्हणजे भांडखोर माणूस. गिऱ्हाईकाशी वाद घातल्याशिवाय त्याला भाकर गोड लागायची नाही. आपल्याएवढं इंजिन साऱ्या जिल्ह्यात कुणाला कळत नाही असं तो दिवसातनं दहा वेळा सांगायचा, आणि त्याचं सगळंच काही खरं नसायचं. त्यानं मला विचारलं, दसऱ्याला इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा काय काय केलं ते सांगा. मी सांगितलं. नारळ, आरती, प्रसाद, आणि हळूहळू गुरगुरणारं इंजिन.

"पूजा केलीसा का तेरावं घातलासा?" तो म्हणाला.

मला कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं. नवा कॅम आणि नवं टॅपेट एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती पहिली वीस मिनिटं. त्या वेळी इंजिन जोरात फिरलं पाहिजे, म्हणजे खालचं तेल उडून कॅमवर पडतं आणि दोघं एकमेकांवर नीट बसतात. हळू चालवलं तर तेल तिथवर पोचतच नाही. कोरड्यावर कोरडं घासतं, वरचं कातडं जातं. कळत मात्र नाही. गाडी चालते, शिटं भरतात, आणि आतनं कॅम रोज थोडाथोडा झिजत राहतो.

"तुमी चालिवलासा म्हणून न्हाई ग्येला त्यो," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या हातात यायच्या आदीच ग्येलता."

दुसरी कुणी असती तर रडली असती. मला रडू आलं नाही. मला त्या प्रसादाचा पेढा आठवला, जो मी दोनदा मागून घेतला होता, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आण्णा परत आल्यावर मिस्त्रीनं त्यांना तोंडावर सांगितलं की इंजिन या शेडात सुरू होणार आणि तो स्वतः करणार. आण्णा म्हणाले, पहिला आवाज आमच्या दारात होणार, पाडव्याच्या मुहूर्तावर. दोघांची अशी जुंपली की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. शेवटी मिस्त्रीनं हातातला पाना भिंतीवर फेकला आणि म्हणाला, मग न्या टोचन करून, मी तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाई. वाटेत आण्णा मालकांच्या एका दोस्ताला माझ्यादेखत सांगत होते, "परत काम मिळावं म्हणून सांगतोय त्यो. नव्या गाडीच्या काचेवर लिव्हलेलं असतंय, सावकाश चालवा म्हणून. लिव्हणारे खुळे हाईत काय?" आता हे काही अगदीच वेड्यासारखं बोलणं नव्हतं. नवं ते जपायचं असतं हे आपण जन्मापासनं ऐकतो. म्हणून तर त्यांचं सगळ्यांना पटायचं.

त्या संध्याकाळी जेवताना मी मालकांना मिस्त्रीचं सगळं सांगितलं. म्हटलं, बघा, माझी काही चूक नव्हती. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा खुलेल. ते भाकरीचा तुकडा कालवणात नुसता फिरवत बसले. मग म्हणाले, आण्णाच्या मनाविरुद्ध काही करू नको, देवाचं काम आहे. मी ताट उचलून मोरीत आपटलं.

पाडव्याच्या सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन गाडी आणायला गडहिंग्लजला गेले. टोचन केलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतं, आणि ट्रॅक्टरची धूळ खात बसायला अजित काही तयार नव्हता. त्याची आंघोळ झाली होती. निघताना मिस्त्री खिडकीशी आला. कॅमला भरपूर वंगण फासलंय म्हणाला, नवं तेल आहे, पाणी आहे, इंजिन तापवायचा हीटर देऊन किल्ली फिरवली की सुरू होणार.

"आंबोलीचा चढ दुसऱ्या गेअरात चढताना जसा आवाज आसतोय, तसा ठेवायचा. मदीच जरा वर-खाली करायचा, पन हळू हू द्यायचा न्हाई. वीस मिन्टं. कोन पाया पडलं, कोन मेलं, तरी पाय काढायचा न्हाई, अक्का."

गल्लीत गुढ्या उभ्या होत्या. आमच्या दारात रांगोळी, पाट, आरतीचं ताट घेतलेली थोरली जाऊ, नारळ घेतलेले आण्णा आणि नवा शर्ट घातलेला अजित असे सगळे नटूनथटून तयार होते. मालक दारापुढच्या सोप्यावर खुर्चीत बसले होते. ट्रॅक्टर सुटला, जीप दाराशी येऊन थांबली. आण्णा जावेला म्हणाले, तिला म्हणावं उतर आता, अज्या बसू दे.

मी उतरले नाही.

जावेनं मला हळूच खूण केली. मी तिच्याकडं बघून म्हटलं, "जाऊबाई, त्यांना सांगा, गाडी मी सुरू करणार." तेवढ्यात मी हीटर दिला होता. आण्णा नारळ धरून मुहूर्ताला अजून अवकाश आहे असं काहीतरी म्हणत होते, आणि मी किल्ली फिरवली.

इंजिन एकदा खाकरलं आणि धडधडून पेटलं. मी पाय दाबला. आंबोलीचा चढ, दुसरा गेअर. आवाज वर चढला तसा तिथंच धरून ठेवला. काळ्या धुराचा लोट निघाला तो थेट आरतीच्या ताटावर. निरांजन विझलं. जाऊ खोकत मागं सरली. गल्लीतली माणसं दारादारात आली. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं माझा पाय अडकला असेल.

"सोड!" आण्णा ओरडले. "आगं सोड, फाटंल त्ये!"

मी जरा कमी केला, पुन्हा वर नेला, मिस्त्रीनं सांगितला तसा. आता लोकांना कळलं की पाय अडकलेला नाही. मग जो तो ओरडायला लागला. कुणी म्हणालं, हिच्या अंगात आलंय. कुणी म्हणालं, सुडानं करतीय, आपल्याला न्हाई तर कुणालाच न्हाई. अजित खिडकीशी येऊन काकी, काकी करत होता. समोर आमच्या सोप्याच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. त्याचा काटा कुठं हलतच नव्हता. पायाला कळ लागली. आणि मनात पाल चुकचुकली, त्या बढाईखोर बसगोंडाचं खरं कशावरनं? उद्या खरंच काही फाटलं तर माझ्या पाटल्या गेल्या, गाडी गेली, आणि इंजिन खाणारी हे नाव चितेपर्यंत राहणार. तरी मी कान इंजिनात घालून बसले. टिकटिक नव्हती. एवढ्या दणक्यात एकही टॅपेट बोलत नव्हतं.

आण्णांनी नारळ पाटावर ठेवला आणि ते खिडकीतनं आत वाकले. डिझेल गाडी बंद करायची मूठ डॅशबोर्डाखाली असते, ती ओढायला त्यांनी हात घातला. मी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

आता तुम्हांला आजच्या दिवसांत यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडं थोरल्या दिराची सावली अंगावर पडली तरी बाई बाजूला सरायची. मी भर गल्लीत, पाडव्याच्या दिवशी, त्यांच्या मनगटाला धरलं, आणि ते सोडवून घ्यायला लागले तरी सोडलं नाही. माझा पदर डोक्यावरनं पडला. जावेच्या तोंडून नुसतं "अगं बाई" एवढंच आलं.

"आण्णा, हात काढा," मी म्हणाले. भिंतीला नाही, जावेला नाही, त्यांना. "मागल्या कॅमचा जीव तुमच्या आरतीनं घेतला. माझ्या हातात तुम्ही मढं दिलंत, आणि मी मारलं म्हणून गावभर सांगितलंत. आता ह्याला मी जगवणार आहे."

त्यांचा हात माझ्या हातात ढिला पडला. रागापेक्षा त्यांना आश्चर्यच जास्त वाटलं असावं. ही बोलते, हेच त्यांना नवीन होतं. मी मनगट सोडलं तसे ते मागं झाले आणि सोप्याकडं वळून म्हणाले, "विश्वास, आवर तुझ्या बायकोला. न्हाईतर आजपास्नं माझा तुझा संबंध न्हाई."

मालक खुर्चीतनं उठले. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरले. कुणीतरी त्यांना धरायला पुढं झालं तर त्यांनी झिडकारलं. आवाजाच्या रोखानं चालत ते गाडीपर्यंत आले आणि बॉनेटवर तळवा टेकून उभे राहिले. आण्णांना मी धरलं होतं, पण ह्यांनी पाय काढ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येणार नाही. ते बॉनेटला चाचपत माझ्या खिडकीशी आले. घड्याळाचा काटा तेवढ्यात वीस मिनिटांच्या पुढं गेला होता.

"सुला," ते खाली वाकून म्हणाले, "मला म्हायीत होतं."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"ट्रकचं इंजिन केलं की आमी आसंच करायचो. दसऱ्याला आण्णा म्होरं हुता, आरती चालू हुती. मी बोललो न्हाई. मग कॅम ग्येल्यावर बोलायला तोंड ऱ्हायलं न्हाई."

ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. स्टँडवरची ती न्याहरीची थट्टा मी रोज ह्यांच्याजवळ येऊन सांगायची, आणि हे म्हणायचे, बोलू देत गं. माझ्या हातातनं पाटल्या निघत नव्हत्या, साबण लावून काढाव्या लागल्या, तेव्हा हे शेजारी बसले होते. जेवताना मी मोठ्या आनंदानं मिस्त्रीचं सांगत होते आणि हे भाकरी कालवणात फिरवत होते. इतके महिने माझ्या ताटाला ताट लावून हा माणूस जेवला आणि एक शब्द बोलला नाही. आण्णांचं मला काही वाटलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. ह्यांना ठाऊक होतं. मला असा राग आला की तो पायात उतरला, आणि इंजिनाचा आवाज आणखी वर गेला.

"मोठ्यानं बोला," मी म्हणाले. "इंजिन चालूय. ऐकू येत न्हाई."

ते पुन्हा तेच म्हणाले, जरा आवाज चढवून. अजितनं ऐकलं असावं, कारण तो बापाकडं बघायला लागला.

"अजून मोठ्यानं. आण्णांना गेलं न्हाई ऐकू."

मालकांच्या दिसत नसलेल्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते धुरानं का कशानं देव जाणे. मला दया आली नाही असं म्हणणार नाही. आली. पण पाय काढला नाही. मग त्यांनी माझ्याकडं पाठ केली, गल्लीकडं तोंड केलं, आणि ट्रकवरचा तो जुना ड्रायव्हर, घाटात समोरच्याला हाळी देताना ओरडत असेल तसा, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडला.

"इंजिन हिनं खाल्लं न्हाई! त्ये दसऱ्यालाच मेलं हुतं, आनि मला म्हायीत हुतं! मी गप बसलो! हिची काय चूक न्हाई!"

आण्णा पाटाजवळ उभे होते, त्यांनी एकदा भावाकडं बघितलं आणि मग खाली, नारळाकडं. तेव्हा कुठं मी पाय उचलला. इंजिन आवाज खाली आणत आणत एका तालात स्थिर झालं. मी ते थोडा वेळ ऐकलं, मूठ ओढून बंद केलं, किल्ली काढून कमरेला खोचली आणि खाली उतरले.

"फोडा आता नारळ," मी आण्णांना म्हणाले.

त्यांनी फोडला. किल्ली त्या दिवशी कुणी मागितली नाही, पुढंही नाही. माझे केस पिकेपर्यंत ती जीप मीच चालवली, आणि मालक रोज सकाळी शेजारच्या शिटावर येऊन बसायचे.

मालकांना अजूनही वाटतं की त्या दिवशी इंजिनाच्या आवाजात मला त्यांचं ऐकू येत नव्हतं. मला पहिल्या वेळीच सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.